गूळ-पाणी

झऱ्याच्या वरच्या अंगाला बांधकाम करू द्यायचं नाही, हा पंचायतीचा नियम रिसॉर्टसाठी अध्यक्ष उमाजीनंच मोडला होता. आता रिसॉर्टच्या संडासाचा खड्डा झऱ्याच्या डोक्यावर होता.

लेकीच्या लग्नाचं आमंत्रण घेऊन तो झऱ्याखालच्या फुलाक्काकडं गेला. तिनं रिवाजानं गूळ-पाणी पुढं केलं. उमाजीनं गुळाचा खडा तोंडात टाकला, तांब्याला मात्र हात लावला नाही.

"पाणी घ्या की."

"तहान न्हाई, अक्का."

"झऱ्याचंच हाय. लोक कायबाय बोलत्यात, पन पान्याला काय होत न्हाई म्हणून सभेत तुमीच सांगितलंसा न्हवं? म्हणून आमी तेच पितो."

पाणी वाया जाऊ नये म्हणून फुलाक्कानं तो तांब्या स्वतःच्याच तोंडाला लावला.

उमाजी खाली मान घालून गूळ चघळत राहिला.