ऋतिकचे बटाटे

"हे कोपऱ्यातलं झाड उघडंच राह्यलं ना," असं म्हणत विमलताईंनी अंगावरची शाल काढली आणि बटाट्याच्या झाडावर पांघरली.

परसात सगळीकडे जुनी लुगडी आणि पोती पसरली होती. थंडी जाता जाता उलटली होती. पहाटे दव गोठून कडेच्या ओळीची पानं काळी पडली, तेव्हापासून विमलताईंचा जीव थाऱ्यावर नव्हता.

"ऋतिकची माय, तुले थंडी वाजत नाही काय?" नानाजी ओसरीवरून ओरडले. "बाजारात ढिगानं बटाटे पडले आहेत."

"बाजारचे मागच्या खेपेला ठेवलेच होते समोर. पाह्यलं का त्यानं तिकडं?"

नानाजींनी ओसरीवरचं एक पोतं उचलून तिच्याकडे टाकलं.

सून निकिता वाफ्यात निंदत होती. गाजरगवताचं रोपसुद्धा आधी सासूला दाखवायची, मगच उपटायची. हा नियम विमलताईंचाच. गेल्या साली ऋतिकनं हौसेनं बटाटे लावले. विमलताईंचा जन्म कापसात गेलेला, बटाट्याचं झाड त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. तण समजून त्यांनी एका सकाळी अख्खा वाफा साफ केला, आणि जेवायला वाढताना वर सांगितलं, "किती कचरा माजला होता रे!"

"आता खातो का तुह्या हातचं, पाह्य," म्हणत ऋतिक भरल्या ताटावरून उठला आणि गाडीला किक मारून भरधाव निघून गेला.

पुढे तो आला, पण राग तसाच. पुरण झालं, खीर झाली. विमलताईंनी चारचौघांत पदर पसरला. ऊन डोक्यावर आलं तरी त्यानं घासाला तोंड लावलं नाही. माणसं खाली मान घालून घरी गेली. विमलताईंना तेव्हापासून अन्न गोड लागत नव्हतं. पोटच्या पोराला आपण उपाशी ठेवलं, हे त्यांना विसरताच येईना.

"उद्या येते ना तो?" शेजारीण भागीरथानं कुंपणावरून विचारलं. "यंदा तरी खाते का?"

"काहून नाही खाणार? त्याच्याच आवडीचं हाय," विमलताई म्हणाल्या आणि त्यांनी पोत्याची कड पुन्हा मातीत दाबली.

पहाटे नानाजी स्वतःच उठले. कापसाच्या ओल्या पऱ्हाट्या पेटवून वाफ्याच्या कडेनं धूर केला आणि खोकत खोकत तिथंच बसून राहिले. उजाडल्यावर विमलताईंनी भीत भीत एक लुगडं उचललं. खालची पानं हिरवीगार होती. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, आणि दोघांचेही डोळे भरून आले.

निकितानं हातांनीच माती उकरली. तिचे मोकळे हात कोपरापर्यंत मळले. बटाटे लहानच निघाले, पण घरचे होते.

"मोहरीचीच फोडणी द्या, आई," ती म्हणाली. "जिरं आवडत नाही त्यांना."

भाजी झाली. भागीरथा आली, भावकीतली माणसं जमली. सगळ्यांना मागच्या खेपेची आठवण होती. नानाजींनी केळीचं पान धुऊन दिलं. विमलताईंनी वरण-भात वाढला आणि शेजारी बटाट्याची भाजी, चांगली भरघोस.

"खाऊन घे रे बाबा," त्या पुटपुटल्या. "आता नको उपाशी जाऊ."

पान परसातल्या ओट्यावर ठेवून सगळे मागे सरले, आणि पहिल्या कावळ्यानं खाली उतरून बटाट्याची फोड चोचीत धरली, तशी निकिता मोठ्यानं रडू लागली.