लाल पट्टा

नातू अंगदचं जावळ काढलं ते साल २०२३. त्याच सालच्या ऑगस्टात कडूबाई दवाखान्याच्या थंडगार खोलीत गुबगुबीत खुर्चीच्या टोकावर बसली होती आणि सगळे डॉक्टर तिच्या तोंडाकडं बघत होते. गर्भपिशवीच्या कॅन्सरातून ती बरी झाली त्याला वर्ष लोटलं होतं. उपचार कसे असावेत हे रुग्णांनाही विचारायचं, असं दवाखान्यानं ठरवलं होतं. त्यासाठी समिती केली आणि पैठणच्या पलीकडं मेंढरं राखणाऱ्या कडूबाईला तिच्यात घेतलं.

"बोला मावशी, काय बदलायला पाहिजे?" डॉ. निलोफरनं विचारलं.

"शाई."

कुणाला काही कळलं नाही. शेक, म्हणजे कॅन्सरवरचे किरण, द्यायच्या आधी बाईच्या अंगावर लाल शाईनं रेघा काढतात. त्या बघून मशीन लावतात. महिना-दीड महिना शेक चालतो, तोवर त्या पुसायच्या नसतात.

"आमच्यात खाटकाला विकलेल्या मेंढीच्या पाठीवर असाच लाल पट्टा ओढतेत," कडूबाई म्हणाली. "आमच्या बाया घरी जाऊन रेघा घासून काढतेत अन् पुन्हा दवाखान्याचं तोंड बघत नायत. निळी शाई करा. पण सोमवारच्या आत करा. सोमवारी माझ्या धाकट्या बहिणीला रेघा काढणार हायत."

डॉक्टरांनी माना डोलावल्या. एकानं लिहून घेतलं. मोठे साहेब म्हणाले, सूचना फार मोलाची आहे, पुढच्या बैठकीत ठेवू. पुढची बैठक तीन महिन्यांनी होती. मग सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, कडूबाईला मधे उभं करून फोटो काढला आणि हातात गुलाबाचं फूल दिलं.

सोमवारी वच्छलाच्या पोटावर लाल रेघा निघाल्या.

वच्छला चिकलठाण्याच्या कारखान्यात झाडू मारायची आणि मुकुंदवाडीत राहायची. जिभेला हाड नव्हतं तिच्या. रिक्षात बसल्या बसल्या म्हणाली, "अक्का, तू म्हणं दवाखान्याची मेंबर. तुझ्या राज्यात माझी ही गत व्हय?"

"शाई हाय गं नुसती. मला नव्हती का काढली? मेले का मी?"

 वच्छला घर येईस्तोवर रिक्षाच्या बाहेर बघत राहिली. उतरताना म्हणाली, "माझी कवडी आठवते का तुला?"

कडूबाईला कशी नाही आठवणार? वच्छला सात वर्षांची असताना बापानं कवडी नावाचं तिचं लाडकं कोकरू विकलं होतं. पाठीवर लाल पट्टा ओढला होता. पोरीनं ते कोकरू गोदावरीत नेऊन वाळूनं घासलं, पार पांढरं केलं. खाटीक आला, कळपात त्याला आपलं कोकरू ओळखू येईना. दुसरंच उचलून घेऊन गेला. बापानं वच्छलाला बेदम मारलं. पण कवडी नऊ वर्षं जगली.

त्या संध्याकाळी वच्छलानं राखेनं पोट घासलं. कातडी सोलली, पण रेघ ठेवली नाही. सकाळी कडूबाई दवाखान्यात न्यायला आली, तर तिनं आतून कडी लावून घेतली होती.

"वच्छे, दार उघड. तुझ्या पाया पडते."

"तू जा अक्का. मला नाय मरायचं."

कडूबाई दहादा आली. दहादा तसंच ऐकून गेली.

तीन महिन्यांनी व्हायची बैठक लांबत लांबत मार्चात झाली. शिपायानं टेबलावर निळ्या शाईची बाटली आणून ठेवली. दवाखान्यात ती पहिल्यापासून होती, कपाटात. साहेबांनी कडूबाईच्या खांद्यावर शाल घातली. म्हणाले, "या बाईंचा धीर बघा. लाल पट्ट्याचा अर्थ ठाऊक असूनही यांनी तो पुसला नाही, म्हणून आज आपल्यासमोर उभ्या आहेत."

टाळ्या झाल्या. कडूबाईनं शाल काढली, घडी करून टेबलावर ठेवली.

"धीर कशाचा साहेब? नवऱ्यानं तुमच्या कागदावर अंगठा दिला, तव्हा मला वाटलं, सौदा झाला. विकल्या गेलेली मेंढी कुठं पळणार? उभी राह्यले मुकाट्यानं. जगायची आशाच सोडली व्हती, म्हणून वाचले."

 डॉ. निलोफर उठून तिच्याजवळ आली. तिनं बाटली उचलून कडूबाईला दाखवली आणि हळू आवाजात म्हणाली, "मावशी, आता बहिणीला घेऊन या. निळ्या रेघा काढू आपण."

वच्छलाबाई या बैठकीच्या दोन महिने आधी, १६ जानेवारीला, किंक्रांतीच्या दिवशी, मुकुंदवाडीच्या घरात आतून कडी लावून वारली होती.