दूधभाताची ताटली

आमच्या धर्मादाय प्राणी-दवाखान्यासाठी मदत मागायला सोसायटीच्या सभेत मी एका म्हाताऱ्या लॅब्रॅडॉरलाच घेऊन गेले.

"आमच्या फाटकाला याला बांधून कुणीतरी पसार झालं. चार दिवस अन्नाला शिवत नाहीये," म्हणत मी दूधभाताची ताटली त्याच्यापुढे ठेवली. तो नुसता बसून राहिला.

पहिल्या रांगेत, पाहुण्या म्हणून आलेल्या रेगेबाई डोळे पुसत होत्या. आमचा नवा वॉर्ड बांधून द्यायचं त्यांनी नुकतंच जाहीर केलं होतं. नकळत त्या पुटपुटल्या, "आधी बाप्पाला जयजय कर. मग जेव."

कुत्र्यानं पुढचे दोन्ही पाय उचलून जोडले आणि तो ताटलीवर तुटून पडला.

साऱ्या माना रेगेबाईंकडे वळल्या. मी माइक उचलला आणि बाईंचे पुन्हा एकदा आभार मानले. वॉर्ड हवा होता ना!