हानितेलीचा उजवा हात

चमचा पुन्हा चटईवर पडला.

"तुम्हीच उचला, बाबा," पेसी म्हणाली. उचलून द्यायला तिचा हात शिवशिवत होता, म्हणून तिने तो मांडीखाली दाबून धरला.

हानितेलीने आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. अर्धांगवायूचा झटका आल्यापासून हा हात दुसऱ्या कुणाचा असावा तसा मांडीवर पडून असायचा. याच हाताने त्याने उभा जन्म बेटावरच्या चर्चमधल्या गाणाऱ्यांना ताल दिला होता. आता कुठे त्याची बोटं जरा मिटायला लागली होती.

समोर फिजिओथेरपिस्ट तालिता बसली होती. दर गुरुवारी ती इस्पितळातून यायची आणि दर गुरुवारी तेच सांगायची. हात कामानेच शिकतो. तुम्ही भरवलंत की त्याचं शिकणं थांबलं. हे थोडे महिने हातचे गेले, की बोटं आखडतील ती कायमची. पेसीने ते मनावर घेतलं होतं. जेवायला तासभर लागला तरी ती समोर बसून राहायची. बापाला राबवते म्हणून शेजारपाजारच्या बायका नावं ठेवत होत्या. ठेवू देत!

बोटं चमच्यापाशी गेली, घसरली, परत गेली आणि या खेपेला त्यांनी दांडा धरला. नारळाच्या दुधात शिजवलेला अळकुडीचा तुकडा डुगडुगत तोंडाशी पोचला. अर्धा आत गेला, अर्धा हनुवटीवरून सदऱ्यावर सांडला. हानितेली हसला. वाकड्या तोंडाने का होईना, पण पोटातून हसला.

"शाब्बास!" तालिताने टाळीच वाजवली. पेसीला तर टाळ्या पिटता पिटता रडूच फुटलं.

"पेसी! हात मोडलेत का गं तुझे?"

दारात लूपे आत्या उभी होती. थेट ऑकलंडहून, विमानतळावरून सामानासकट आली होती. तिला दिसलं ते एवढंच, की भाऊ सदऱ्यावर सांडत बसलाय आणि दोन धडधाकट बायका समोर बसून टाळ्या पिटतायत.

पेसीची मान आपोआप खाली गेली. आत्या घरात आली की खुद्द हानितेलीचा आवाज बसायचा, तिथे भावाच्या पोरांची काय कथा! आत्याच्या शब्दावर लग्नं ठरतात आणि तिने मान हलवल्याशिवाय घरातलं प्रेतसुद्धा उठत नाही. ती चटईच्या पार दुसऱ्या टोकाला बसली. बेटावरच्या रीतीने बहिणीने भावाला हात लावायचा नसतो, नाहीतर तो चमचा तिनेच हिसकावून घेतला असता.

"आत्याबाई, हा उपचारच आहे," तालिता म्हणाली. "त्यांनी स्वतःच्या हाताने खाल्लं तरच हात सुटेल."

"तू कुणाची गं?"

"कोलोवाई गावच्या मोसेसेची मुलगी."

"मोसेसेच्या बहिणीपुढे बोलशील असं? तुझ्या सख्ख्या आत्यापुढे?"

तालिता जिथे शिकली त्या फिजीच्या कॉलेजात याचं उत्तर कुणी शिकवलं नव्हतं.

"आमच्या वडिलांनी शेवटपर्यंत पाण्याचा पेला कधी स्वतः उचलला नाही," आत्या म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला. "आम्ही होतो ना! आणि माझा भाऊ असा... भिकाऱ्यासारखा सांडत, लवंडत. याला मागेपुढे कुणी नाही, असं म्हणेल ना गाव!" ती तोंडाला पदर लावावा तसं शालीचं टोक लावून खरोखरीच रडायला लागली. बाई दुष्ट असती तर परवडलं असतं. निदान भांडता तरी आलं असतं.

"बाबा, तुम्ही तरी सांगा ना," पेसी कुजबुजली.

हानितेलीने बहिणीकडे पाहिलं नाही. तशी रीतच नव्हती. हसू तर कधीच विरून गेलं होतं. जडावलेल्या जिभेने तो कसाबसा बोलला, "आत्या म्हणेल तसं."

"भरव त्याला," आत्या म्हणाली.

पेसीने चमच्याला हात घातला. चमचा सुटेना. बापाची बोटं धरायला शिकली होती, सोडायला अजून शिकली नव्हती. तिने एकेक बोट उलगडलं आणि चमचा काढून घेतला. तालिताने आपली पिशवी आवरली. पुढच्या गुरुवारी येऊ का, असं ती दारातून विचारून गेली, पण पेसी चमच्यात घास भरत होती.

पेसी घास पुढे करत राहिली, हानितेली आ करत राहिला. सदऱ्यावर कणभरही सांडलं नाही.

"बघ, कसा पोटभर जेवतोय!" आत्याने डोळे पुसले.

पण प्रत्येक घासाला उजवा हात मांडीवरून वीतभर वर यायचा, चमच्याच्या मागे जायचा आणि खाली पडायचा. पेसीला दिसत होतं. आत्यालाही दिसलं.

"अगं, थंडी वाजतेय त्याला. हात बघ कसा कापतोय. ते नवं ब्लँकेट काढ पिशवीतून, त्याच्यासाठीच आणलंय."

बाहेर ऊन रणरणत होतं. पेसीने वाघाचं चित्र असलेलं ते जाडजूड ब्लँकेट बापाच्या अंगावर घातलं. हात आतून हलत राहिला.

"कडेने नीट खोच गं," आत्या मायेने म्हणाली.

पेसीने खोचलं.