दोन बादशहा

“वैनी, तुमी हितंच उभ्या ऱ्हावा. घरच्या लक्ष्मीसमोर लबाडी होत न्हाई,” सिद्धप्पा म्हणाला आणि कडब्याच्या पेंढ्यांना पाठ लावून ऐसपैस बसला.

मथुराबाईनं नुसती मान हलवली. श्रावणातला सोमवार होता आणि तिचं मौन होतं. दिवस उगवल्यापासून संध्याकाळी महादेवापुढं दिवा लागेपर्यंत ती शब्द काढायची नाही. मागल्या सोमवारी चुलीवरचं आधण पायावर सांडलं, तरी पदराचा बोळा तोंडात धरून बसली होती.

पदर सावरत ती नवऱ्याच्या पाठीमागं उभी राहिली.

अण्णाराव स्टेशनवर टांगा हाकायचा. बहात्तर साल होतं. निम्मा श्रावण सरला तरी पावसाचा थेंब नव्हता आणि सोलापुरात कडब्याची काडी मिळत नव्हती. दावणीच्या चंद्री घोडीच्या बरगड्या लांबूनही दिसत. ती गेली तर टांगा नुसता लाकूडफाटा. अशात आज सकाळी दुधनीहून आतेभाऊ सिद्धप्पा गाडीभर कडबा घेऊन आला, अंगणात सगळा उतरवला आणि मग म्हणाला, विकायचा न्हाई, खेळायचा.

एकच डाव, तीन पत्त्यांचा. अण्णाराव जिंकला तर कडबा त्याचा. हरला तर चंद्री दुधनीला.

“तशी बी चार दिसांत मरंल की ती,” सिद्धप्पा म्हणाला होता. “माझ्याकडं जगंल तरी.”

अण्णाराव दुपारपर्यंत चंद्रीपाशी बसून राहिला होता. मग उठून शेजारच्या कासीमला बोलावून आला. कासीमही टांगेवालाच. पत्ते वाटायला तिसरा माणूस पाहिजे होता.

मिलचा तीनचा भोंगा झाला. कासीमनं पत्ते पिसले.

“पत्ते बघून सोडायचं असंल तर आत्ताच बोला,” तो म्हणाला. “सिद्धप्पा सोडंल तर दहा पेंढ्या ठेवून जाईल. अण्णा सोडंल तर त्येला दहा रुपये देईल. न्हाई सोडलं तर मग आरपार. कबूल?”

“कबूल.”

मागं चंद्री फुरफुरली. पुढ्यात एवढा कडबा, पोटात दोन दिवस काही नाही, तरी ती दावं ताणून मागंच ओढत होती.

“माझ्या कडब्याला तोंड लावंना व्हय गं?” सिद्धप्पा हसला. “धनी बदलणार, कळलं की तिला.”

अण्णारावनं तिकडं बघितलं नाही.

सहा पत्ते पडले. सिद्धप्पानं आपले हळूच उचलले. दोन बादशहा आणि एक पंजी.

चांगले पत्ते. तरी त्याच्या कपाळावर घाम आला. कासीम नेहमी सांगायचा, बादशहाची जोडी लई वंगाळ, भाई. टाकवत बी न्हाई आन् पुरत बी न्हाई. वैरागच्या बाजारात ह्याच जोडीपायी सिद्धप्पाचा बैल गेला होता.

समोर अण्णारावनं पत्ते डोळ्यांजवळ नेले, पाहिले आणि छातीशी धरले.

“मी न्हाई सोडत,” तो म्हणाला.

सिद्धप्पा दचकला. अण्णाराव भित्रा माणूस. हातात काही नसताना असं बोलणारा नव्हे. जोडी टाकावी, दहा पेंढ्यांवर सुटावं, असं मनात आलं. मग त्यानं नजर वर केली.

मथुराबाईला त्यानं तिथं उभं केलं होतं ते लक्ष्मी म्हणून नव्हेच. तिला काही लपवता येत नसे. गेल्या दिवाळीत तिचा चेहरा वाचूनच त्यानं अण्णारावची सायकल नेली होती.

मथुराबाईच्या तोंडावरचं रक्त उतरलं होतं. डोळे मोठे झाले होते, नजर खाली खिळली होती, ओठ थरथरत होते. तिनं हात उचलला, बोट पुढं केलं.

“भाबी, इशारा नक्को!” कासीम ओरडला. “खेल बिगडता.”

अण्णारावनं मागं वळूनही पाहिलं नाही. “हात खाली घे,” तो कडाडला. “लोक म्हणतील बायकू पत्ते सांगती. हलायचं न्हाई जाग्यावरनं!”

तिचा हात पदराखाली गेला. तिनं डोळे मिटले, पुन्हा उघडले. मुठीतली जपमाळ कटकट वाजू लागली. चंद्रीनं खूर आपटला.

सिद्धप्पाची भीती ओसरली. बिचारी. नवऱ्याचे पत्ते बघून देवाला हाका मारतीय. म्हणजे अण्ण्याकडं काही नाही.

“मी बी सोडत न्हाई,” तो म्हणाला. “दाखीव.”

अण्णारावनं एकेक पत्ता गोणपाटावर ठेवला. सत्ती. अठ्ठी. नव्वी.

कासीमनं सिद्धप्पाच्या हातातले पत्ते काढून घेतले, दोन बादशहा बघितले आणि जीभ चावली.

“जोडीपरीस लाइन मोठी,” तो म्हणाला. “कडबा अण्णाचा.”

अण्णारावनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्याचे खांदे हलत होते.

सिद्धप्पा मात्र त्याच्याकडं बघत नव्हता. मथुराबाईचा चेहरा अजून तसाच होता, पांढराफटक. जिंकूनही तसाच.

“वैनी,” तो हळू म्हणाला, “एवढं चांगलं पत्तं होतं, मग तुमी कशाला भ्यालात?” आणि उठण्यासाठी त्यानं टेकायला हात मागं नेला.

ऊन अजून अंगणात होतं. दिव्याला वेळ होता.

“भावजी, हात मागं नेऊ नगा,” मथुराबाई म्हणाली. “तुमच्या कडब्यात मघापासनं नाग हाय, फणा काढून.”