ओठांत बसेल एवढं

बायको वारल्यावर दादा पहिल्यांदाच माईकसमोर उभे होते, स्पॅनिश मालिकेतल्या नायकाला मराठी आवाज द्यायला. "या कागदावर 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' तीनदा, तिन्ही वाक्यं सारखीच कशी गं?" त्यांनी भाषांतरकार तरुणीला विचारलं. "दादा, त्यांच्याकडे प्रेमाला शब्द तीन. 'किएरो' म्हणजे तू हवीस, हे आईलाही चालतं. 'आदोरो' म्हणजे जीव ओवाळणं. 'आमो' जपून ठेवतात, एकाच माणसासाठी. आपल्याकडे सगळं प्रेमच!" माईकवरून नायिकांवर प्रेम करण्यात दादांची हयात गेली, घरी मात्र तोंडाला कुलूप. पडद्यावर आजारी बायकोच्या उशाशी नायक म्हणाला, "ते आमो." "माझं तुझ्यावर प्रेम आहे," दादा म्हणाले. "लांबलं, दादा! त्याचे ओठ मिटलेसुद्धा. छोटं काहीतरी म्हणा," हेडफोनमधून रेकॉर्डिस्ट म्हणाला. दुसऱ्या टेकला बायकोला जन्मभर मारलेली हाक निसटली: "ऐकतेस?" "झकास! पुढचं घ्या." हेडफोन कानांशी दाबून दादा ओ येण्याची वाट बघत राहिले.