ड्रायव्हरचं झाकण

"फोटोत आहे तसाच रणगाडा हवा," काकू म्हणाल्या होत्या. त्यांचे यजमान त्याच रणगाड्यावर ड्रायव्हर होते. युद्धात त्यातच जळून गेले. मी छोट्या प्रतिकृती बनवतो, पण सुट्या भागांचं तयार किट वापरत नाही. प्लास्टिकचे पत्रे कापून, तारा वाकवून टीचभर रणगाडा घडवला, काजळीसकट.

न्यायला आल्यावर काकूंनी पुढचं बारकं झाकण नखानं उचलून पाहिलं. "हे उघडत नाही?"

"ते ड्रायव्हरचं. तोफेची नळी त्याच्यावर आली की उघडत नाही. खऱ्या रणगाड्यातही तसंच," मी तोऱ्यात सांगितलं. "फोटोत नळी तिथेच आहे, म्हणून तशीच चिकटवली."

काकू रणगाड्याकडे बघत राहिल्या. "बाकीचे तिघे बाहेर पडले. हेच का आत राहिले, ते मला कुणी सांगितलं नव्हतं."

मग म्हणाल्या, "नळी जरा बाजूला कराल?"

फोटोत नाही ते मी करत नाही, गिऱ्हाईक कितीही भांडलं तरी. मी सुरी घेतली, गोंद खरवडून काढला आणि नळी डावीकडे वळवली.

काकूंनी झाकण उघडलं. ते तसंच उघडं ठेवून रणगाडा घरी नेला.